खाडीकाठचा धुरा

समुद्र साफ करायला चाललोय, असं मी घरी सांगितलं तेव्हा वडील अंगणात बैलाच्या खुरातला काटा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. "समुद्र साफ कराले?" ते म्हणाले, "अन् मंग आपल्या नाल्यानं तुमचं काय घोडं मारलं बे?"

चिखलीच्या कॉलेजातली आम्ही पोरं, कुणी अमडापूरकडचा, कुणी बीबीकडचा, सगळी कापूस-ज्वारीच्या घरातली. एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता. पाणी म्हणजे विहिरीचं, फार तर पैनगंगेचं, तेही पावसाळ्यात. पण आमच्या भूगोलाच्या सरांनी ठरवलं होतं. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि सरांना तेव्हा एकाच विषयाचं वेड होतं. राज्य एक झालं, पण माणसं कुठे एक झाली? वऱ्हाडातल्या माणसानं कोकण पाहिलेलं नाही, कोकणातल्याला बुलढाणा कुठल्या दिशेला ते सांगता येत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीतलं श्रमदानाचं शिबिर थेट रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या एका गावात. खाडीच्या कडेनं तिवरांचं जंगल आहे, त्यात अडकलेला कचरा काढायचा, एवढंच काम. तिवर म्हणजे कसलं झाड, ते सरांनी फळ्यावर काढून दाखवलं. त्याची काही मुळं त्यांनी आभाळाकडे तोंड करून काढली, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, झाड उलटं झालं ना." सगळे हसले आणि सर चिडले.

झाड उलटं नव्हतं. मलकापूरला रेल्वे, मग घाट उतरणारी एस.टी., मग होडी, असं करत आम्ही त्या गावी पोचलो आणि पहिल्याच सकाळी मी चिखलात पाय ठेवला, तो मुळांच्या टोकांवरच. जिकडे पाहावं तिकडे बोटभर खुंट्या चिखलातून वर आलेल्या. ज्वारी कापून-सोंगून झाल्यावर रानात धसकटं राहतात ना, तशा. आमच्यातला एक जण त्या उपटायलाच बसला. "हे पह्यले काढा लागते, नाही तं पाय फुटतीन साऱ्यायचे," असं त्याचं म्हणणं. सर धावत आले आणि म्हणाले, ही झाडाची नाकं आहेत, यातून झाड श्वास घेतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. झाडाचं नाक पायाखाली, हे काही कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. पण सरांसमोर बोलणार कोण?

कचरा मात्र अफाट होता. गंजलेले पत्र्याचे डबे, औषधाच्या बाटल्या, फुटकी मडकी, सडलेले दोर, चपलांचे तळ, गणपतीचे पाट, कुठल्या तरी बोटीवरून पडलेली लाकडी खोकी, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे फाटकी जाळी. फांद्यांना, मुळांना अशी गुंतून बसलेली, की एक सोडवावी तर दुसरी हाताशी येई. दुपारपर्यंत आम्ही मोठी गंजी रचली. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांची गंजी रचतात तशी, खाली जड, वर हलकं, चहूबाजूंनी नीट दाबलेली. पाहून छाती फुगली. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर गंजीचा पत्ता नाही. चिखल सपाट, आणि आमच्या बाटल्या पुन्हा तिवरांत जिथल्या तिथे.

"कोनतं तरी गाववालं आपल्यावर जळून राह्यलं," असा निकाल लागला. बीबीकडचा पोरगा तर बाह्या सरसावून गावात जाब विचारायला निघाला. वाटेत आम्हाला खाडीतून आणणारा होडीवाला भेटला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पाण्यानं न्येला." बीबीकडच्याला वाटलं, हा थट्टा करतोय. रोज दोनदा पाणी चढतं आणि दोनदा उतरतं, हे आम्ही शाळेत घोकलेलं होतं, परीक्षेत चंद्र-सूर्य काढून मार्क मिळवले होते. पण ते पाणी आपली गंजी उचलून नेईल, हे पुस्तकात नव्हतं. सरांच्याही ध्यानात आलं नव्हतं. सरांनी चष्मा पुसला आणि यापुढे गंजी बांधाच्या वर रचायची, असं सांगितलं.

बांध म्हणजे खाडी आणि भातशेती यांच्यामधला मातीचा उंच बांध. बाहेरच्या बाजूला तिवरं आणि खारं पाणी, आतल्या बाजूला गावाची भातं. आतली सगळी शेतं कापून झाली होती. खळ्यांवर झोडणीचा आवाज दिवसभर चाले. मधोमध, बांधाला लागून, एकच तुकडा पिवळाधमक उभा होता. तो काकींचा.

काकींचं घर आम्ही उतरलो होतो त्या शाळेला लागूनच होतं आणि पिण्याचं पाणी त्यांच्या विहिरीवरून आणायचं काम माझ्याकडे होतं. सगळ्या पोरांत रहाट नसलेल्या विहिरीवरून पाणी शेंदायची सवय मलाच, म्हणून. काकी एकट्या होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, एकच मुलगा, तो मुंबईला गिरणीत. माझं बोलणं ऐकून त्यांना हसू फुटे. मी "पाणी घेऊन राह्यलो काकी" म्हणालो, की त्या म्हणत, "ऱ्हायलास कुठं रं, चाललास तर." मला त्या 'वऱ्हाडी' अशीच हाक मारत. लग्नात नवरदेवासोबत जेवायला येणाऱ्यांनाही वऱ्हाडीच म्हणतात, पण त्या यातलं कोणतं म्हणतात ते विचारायला माझ्यात धीर नव्हता.

एकदा घागर भरता भरता मी विचारलं, "काकी, सगळ्यायचं कापून झालं. तुमचंच काऊन राह्यलं?"

"बाबू येनार हाय माजा. तो कापील."

"दाने गळून राह्यले ना पन."

"गळूं देत."

मग त्यांनीच सांगितलं. बाबू गणपतीला आला नाही. त्याच्या आदल्या दोन वर्षीही नाही. कापणीला येतो, असा निरोप मात्र दर वर्षी येई. त्या दोन्ही वर्षी त्यांनी वाट पाहिली आणि पीक वाया जाऊ नये म्हणून शेवटी दिराच्या माणसांकडून कापून घेतलं. त्यावर बाबूचा निरोप आला, कापून झालं ना, मग आता येऊन काय करू? म्हणून यंदा काकींनी दिराला सांगून टाकलं होतं, माझ्या शेतात कुणी विळा घालायचा नाही. "भात उभा हाय तंवर त्याला यावाच लागंल," त्या म्हणाल्या. रोज संध्याकाळी त्या बांधावर बसून पाखरं हाकत. मला ते तेव्हा नीट कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. पण आमच्याकडे उभं पीक दाणे गाळतंय आणि माणूस बघत बसलाय, हे दृश्य कुणाला सोसवत नाही. माझे हात शिवशिवत होते.

सहाव्या-सातव्या दिवशी आम्ही तिवरं साफ करत करत बांधाच्या पायथ्याशी आलो. तिथली अवस्था बघून मला संताप आला. बांधाच्या खाडीकडच्या अंगाला काटेरी फांद्या, माडाच्या झावळ्या, कुजलेला पेंढा, जुनी जाळी, असं सगळं एकावर एक दडपून ठेवलेलं. त्यातच बाटल्या, डबे, चिंध्या अडकलेल्या. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात आणि धुरा कसा आहे त्यावरून माणसाची पारख होते. पेरणीच्या आधी धुरा खरवडून, काटेकुटे जाळून लख्ख केला नाही, तर त्या घरात पोरगी द्यायला लोक विचार करतात. हे आम्ही गमतीनं म्हणत असलो तरी त्यात बरंच तथ्य आहे. आणि इथे सबंध गावाचा धुरा असा गलिच्छ!

"सर, हे काय म्हनावं?" मी म्हणालो. "हे तं पह्यल्या दिवशीच कराले पाहिजे होतं."

सरांना माझं पटलं. आम्ही तुटून पडलो. बांधावरून एक म्हातारा चालला होता, तो थांबून म्हणाला, "ता ऱ्हाऊं दे." आम्हाला वाटलं, आपल्या कष्टांची कीव येतेय बिचाऱ्याला. "नाही बाबा, काही तरास नाही," आम्ही ओरडलो आणि दुप्पट जोरानं उपसायला लागलो. तो थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. संध्याकाळी ते सगळं वर आणून आम्ही पेटवून दिलं. धुऱ्याला आग लावली की होतो तसा तडतड आवाज झाला आणि आमच्यातल्या दोघा-तिघांना घरची आठवण येऊन डोळे भरून आले.

काकी आल्या. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी नजर फिरवली. आतली ओली माती उघडी पडली होती, तिच्यात खेकड्यांची भोकंच भोकं. "केवढा साफ केलात," त्या म्हणाल्या. "आमच्यानं नसता झाला." एवढं बोलून घरात गेल्या. आम्ही खूश. मी तर सरांकडे विजयी नजरेनं पाहिलंसुद्धा.

मग रात्रीच्या जेवणाआधी काकींचे दीर आले. त्यांनी सरांना बाजूला घेतलं. ते काय बोलले ते सरांनी आम्हाला सांगितलं, पण सरांचाही गोंधळ झालेला दिसत होता. ती घाण नव्हती म्हणे. लाटांचा मारा बांधावर बसू नये, खेकड्यांनी माती पोखरू नये, म्हणून ती मुद्दाम रचलेली असते. बाटल्या-डबे पाण्यानं आणून टाकलेले, बाकीचं माणसांनी. आणि दोन दिवसांवर पौर्णिमा, म्हणजे उधाण, म्हणजे वर्षातल्या मोठ्या पाण्यांपैकी एक.

"मंग त्या बुढ्यानं सरळ सांगाचं ना!" बीबीकडचा उसळला. "ऱ्हाऊं दे म्हने! असं सांगत असते का? आमच्याइकडं असतं तं दगड हानला असता त्यानं."

आणि खरं सांगतो, मला लाज वाटली नाही, रागच आला. दगड मारला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी गावात विचारावं तर प्रत्येकाचं वेगळंच. होडीवाला म्हणाला, त्या काटक्यांचा काही उपयोग नसतो, पूर्वापार घालतात म्हणून घालतात. एक बाई म्हणाल्या, बांध फुटला तर सगळं खाजण, म्हणजे बांधाआडची ही भातजमीन, खारं होईल, तीन वर्षं भात होणार नाही. काकींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "काय व्हायचा ता व्हईल. तुमी ज्येवलात काय?" आम्ही दिवसभर नव्या फांद्या तोडून आणल्या, बांधाला लावल्या. पण लावायच्या कशा तेच ठाऊक नव्हतं. दुपारच्या भरतीनं निम्म्या उपटून नेल्या. बांधाच्या आतल्या अंगाला दोन ठिकाणी पाणी झिरपून शेतात यायला लागलं, आणि ते नेमकं काकींच्या तुकड्याच्या कोपऱ्यात. मी बोट बुडवून चाटून पाहिलं. मीठच.

उद्या पौर्णिमेचं पाणी दुपारी बाराच्या सुमाराला भरणार होतं, आजच्यापेक्षा हातभर जास्त. संध्याकाळी शाळेच्या पडवीत आमची सभा भरली. बांधाला भर घालावी, म्हणे कुणी. कुणी म्हणे, उद्याच मुक्काम हलवावा. अखेर मीच म्हणालो, "बाकीच्यायचं तं कापून झालं. उभं आहे ते काकीचं. पाण्याच्या आधी सोंगून टाकू. इर्जिक करू."

इर्जिक म्हणजे आमच्याकडची रीत. कुणाच्या घरी आजारपण असलं, कुणाचा बैल मेला, काम मागे पडलं, की सगळा गाव मिळून एका दिवसात त्याचं काम उरकून देतो. त्यानं फक्त जेवू घालायचं. आणि या रितीत एक गोष्ट ठरलेली असते. ज्याचं काम असतं तो "नको, नको, कायले तरास" म्हणतोच म्हणतो. तसं म्हणणं हा त्याचा मान आणि ते न ऐकणं हा आपला. जो पहिल्या "नको"ला परत फिरला, त्याला लोक वर्षभर नावं ठेवतात.

सकाळी उजाडताच गावातून मागून आणलेले विळे घेऊन आम्ही काकींच्या शेतात उतरलो. काकी धावत आल्या. "नको रं, नको," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊं दे. पानी येऊं दे, बुडूं दे."

"काही तरास नाही काकी."

"अरं वऱ्हाडी, नको म्हंते ना मी!"

"तुमी फक्त भाकरी टाका आमच्यासाठी," मी हसून म्हणालो. सगळे हसले. प्रत्येकानं आपापली पात धरली होती आणि विळे चालायला लागले होते. काकी दोन मिनिटं तशाच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी पाहिला. तो चेहरा संकोचाचा आहे, असं मी स्वतःला सांगितलं. मग त्या बांधावर जाऊन बसल्या, पाखरं हाकायला बसत त्याच जागी.

भात कापायची आम्हाला सवय नव्हती. ज्वारीचं ताट एकेक धरून कापायचं असतं, इथे रोपांचा मूठभर झुपका एकदम धरायचा, तोही वाकून, चिखलात. पहिल्या तासाभरातच निम्म्या जणांच्या डाव्या हाताच्या करंगळ्या कापल्या. माझीही. चिंध्या बांधून पुन्हा लागलो. मला इतकं बरं त्या शिबिरात आधी कधीच वाटलं नव्हतं. जाळी, डबे, उलटी झाडं, चढतं-उतरतं पाणी यांतलं काहीच माझं नव्हतं. हे माझं होतं. पीक, विळा, पेंढी. पुढच्या पातीवर सरसुद्धा धोतर खोचून वाकले होते आणि पोरं त्यांना "सर, मागं राह्यले तुमी" म्हणून चिडवत होती. ऊन चढायच्या आत शेत मोकळं झालं. पेंढ्या डोक्यावर घेऊन आम्ही काकींच्या अंगणात नेऊन रचल्या.

मग बांधावर बसून पाण्याची वाट पाहिली. ते आलं. तिवरं बुडत बुडत फक्त शेंडे उरले, बांधाच्या कडेला पाणी टेकलं, दोन-चार ठिकाणी आत झिरपलं, काकींच्या शेताच्या कोपऱ्यात घोट्याएवढं साचलं. आणि थोड्या वेळानं उतरायला लागलं. बांध फुटला नाही. फुटणार होता का? आमच्या फांद्यांनी वाचला का? भात उभं असतं तर एक कोपरा सोडून बाकीचं तसंच राहिलं असतं का? दीर म्हणाले, वाचलात. होडीवाला म्हणाला, मी म्हणालोच होतो, काही होत नाही. आम्ही सरांकडे पाहिलं, सर पाण्याकडे पाहत होते.

काकींनी जेवायला वाढलं. सगळ्यांना, अंगणात, कुळथाचं पिठलं आणि भात. आम्हाला वाटलं, इर्जिक रीतसर पूर्ण झाली. सरांनी दोन शब्द सांगितले. वऱ्हाडच्या विळ्यानं कोकणचं भात कापलं, आज महाराष्ट्र एक झाला, असं काहीसं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकी वाढत होत्या. माझ्या पानाशी आल्या तेव्हा त्यांनी भात वाढला आणि हात तसाच ठेवून हळू आवाजात, मला एकट्याला ऐकू जाईल असं विचारलं, "आता त्याला काय सांगूं? कशाला ये म्हनूं?"

पुढची पंगत वाट पाहत होती, त्या पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मी शेवटची घागर भरून ठेवायला गेलो, तेव्हा काकी पेंढ्यांपाशी उभ्या होत्या. रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला काही तरी बोलता आलं असतं. "तुमी मुंबैवरून जानार ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी गिरणीचं फाटक, चाळ, जिना, कोपऱ्यातली खोली, सगळं दोनदा सांगितलं आणि माझ्याकडून एकदा म्हणवून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याला सांग, भात उभा हाय म्हनून. तुज्या डोळ्यांनी बघितलास, असा सांग."

"काकी..."

"बघितलास ना तू उभा? मग झाला तर."

मुंबईत गाडीला अर्धा दिवस होता. सर पोरांना समुद्र दाखवायला घेऊन गेले. इतके दिवस तो खाडीच्या तोंडाशी लांबूनच चमकत होता, खरा समुद्र आम्ही पाहिलाच नव्हता. मी गेलो नाही. विचारत विचारत चाळीत पोचलो. बाबू म्हणून मी कुणीतरी पोरसवदा डोळ्यांसमोर धरला होता. दार उघडलं ते कानाजवळ केस पांढरे झालेल्या एका माणसानं. पाळीवरून आलेला, नुसत्या बनियनवर, केसांत कापसाचे तंतू. कापूस पाहून मला उगाच धीर आला. मी कोण, कुठला, कुठे चाललोय, ते सांगितलं. त्यानं मला बसवलं, शेजारून चहा मागवला. खोलीत आणखी पाच-सहा जणांच्या पेट्या होत्या, दोघे झोपलेले होते.

"आई बरी आहे?"

"बरी आहे. तुमची वाट पाहून राह्यली." मग मी घाईनं सगळं बोलून टाकलं. "भात उभं आहे. सगळ्यायचं कापून झालं, तुमचंच उभं आहे. मी सोता पाह्यलं."

त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. कपबशी धरलेल्या डाव्या हाताच्या करंगळीला अजून चिंधी होती, आणि मनगटापर्यंत भाताच्या पानांच्या बारीक चिरा पडलेल्या.

"भात कापलेलं दिसतंय," तो म्हणाला.

"आमच्या घरचं," मी म्हणालो.

"बुलढाण्याला भात होतं?"

"होते," मी म्हणालो. "लय होते."

त्यानं मान हलवली. हसला की काय, ते मला सांगता येणार नाही. या माणसांच्या बोलण्याचा आतला अर्थ मला शेवटपर्यंत लागला नाही आणि चेहऱ्यांचा तर त्याहून नाही. तो जिन्यापर्यंत मला पोचवायला आला. कठड्याला धरून उभा राहिला. मी दोन पायऱ्या उतरलो असेन, तेव्हा मागून म्हणाला, "आईला सांगा, येतो म्हणून."

मी वळून पाहिलं. मी कुठे चाललोय हे मी त्याला मघाशीच सांगितलं होतं. ते गाव मला पुन्हा दिसणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

"सांगतो," मी म्हणालो, आणि मलकापूरची गाडी पकडायला स्टेशनकडे निघालो.